मिसेस टलची साक्ष

या बायांनो, पदर सावरून जवळ बसा. एका साक्षीची गोष्ट सांगते; संपेपर्यंत मात्र कुणी उठायचं नाही.

लिब्रादा खड्ड्याच्या काठावर पालथी पडली होती आणि तिच्या पाठीत कुदळ रुतली होती. थोरली बहीण तोमासा दोन्ही हातांनी ती उपसू पाहत होती. चार पावलांवर गोरा खाणवाला ईनोस रस्क ओढ्यात हात धूत होता.

"दुपारपर्यंत खड्डा मोकळा कर," तो म्हणाला. "माझ्याकडे आणखी एक कुदळ आहे."

दोघी बहिणी मेक्सिकोतल्या सोनोराहून कॅलिफोर्नियात आलेल्या. सकाळी परातीत वाळू घोळून सोनं काढायचं, दुपारी खाणवाल्यांना मक्याच्या भाकऱ्या विकायच्या. आठवड्यापूर्वी खड्ड्याच्या तळाशी पिवळे खडे लागले आणि रस्कची नजर फिरली.

हा खून आणखी एकीनं पाहिला होता. समोरच मिसेस लविनिया टलची पावभट्टी. नवरा इकडे येताना वाटेतच पटकीनं गेलेला. पीठ मळताना ती देवाची गाणी म्हणायची, तेव्हा दाढीवाले दांडगे बाप्येही टोप्या काढून उभे राहायचे. साडेतीनशे पुरुषांची ती वस्ती तिला 'आमची गोरी बाई' म्हणून मिरवायची.

तोमासा धावत दुकानदार व्हिटलोकडे गेली. वस्तीचा न्याय तोच करी.

"कुणी पाहिलं?"

"मी पाहिलं!"

"तू अर्धी रेड इंडियन. काळ्याची किंवा इंडियनाची साक्ष गोऱ्यावर चालत नाही, कायदाच आहे तसा. गोरा साक्षीदार आण, दुपारी पंच बसवतो. नाही आणलास तर खड्डा सोड आणि जीव घेऊन पळ."

रक्ताळल्या हातांनीच ती भट्टीवर आली.

"सेन्योरा, तुम्ही पाहिलंत."

मिसेस टल पीठ मळत राहिली. "मला नको बोलावूस, तोमासा."

"रस्कला भ्यालात?"

"त्याला नाही."

"मग कुणाला? तुमचं काय जातं हो? गोरी कातडी फुकट मिळालीय, चार शब्द तेवढे बोलायचे! तुमच्या तापात माझ्या लिब्रादानं आठ दिवस तुमचं अंग पुसलं, तेव्हा नाही आठवला कायदा? आणि गाणी गाता देवाची! ऐकताना त्यालाच लाज वाटत असेल!"

मिसेस टलचे हात थांबले. ती उत्तर देणार, तोच रस्कचे दोन सोबती आत घुसले. एकानं घणानं भट्टी फोडली. दुसऱ्यानं मिसेस टलच्या तोंडावर ठोसा मारला. तिचा एक दात पिठात पडला.

"तोंड उघडलंस तर उरलेलेही पाडीन."

ते गेले. मिसेस टलनं फाटलेला ओठ पुसला आणि डोक्यावर टोपी बांधली.

"चल," ती म्हणाली.

ओकच्या झाडाखाली बारा पंच बसले होते. ती पुढे येताच गर्दीतून रस्कचा सोबती ओरडला, "अहो व्हिटलो, आधी विचारा, साक्षीदार गोरी आहे का!"

सगळे खदखदून हसले. व्हिटलो पोट धरून म्हणाला, "हिला विचारू? मग उद्या मलाही विचाराल!"

मिसेस टल हसली नाही. बायबलवर हात ठेवून तिनं पाहिलं ते सगळं सांगितलं. ऐकता ऐकता रस्कनं झेप घेतली आणि तिचा गळा धरला. चौघांनी मिळून त्याला ओढून काढलं. घटकाभरात त्याच झाडाला त्याला लटकावलं. गाठ नीट बसली नव्हती. तो बराच वेळ पाय झाडत राहिला.

तोमासा परतली तेव्हा मिसेस टल खेचरावर बोचकं बांधत होती.

"सेन्योरा, कुठं निघालात? आता कुणाची भीती? खड्डा निम्मा तुमचा."

"आज साडेतीनशे जणांनी मला निरखून पाहिलं, तोमासा. त्यातला एखादा तरी माझ्या गावाकडचा, मिसुरीचा निघेल."

"निघू दे की! तुम्हाला ओळखून तो काय करणार आहे?"

मिसेस टलनं वाकून तिच्या कानात एक वाक्य सांगितलं. तोमासानं त्या बाईचे पाय धरले.

बायांनो, सांजेला हात जोडाल तेव्हा एक नाव आठवा: डोर्कस. मिसुरीत, जिथं गुलाम आईचं लेकरूही कायद्यानं गुलामच ठरे, तंबाखूच्या मळ्यावर दोनदा लिलावात विकली गेलेली काळी गुलाम, मिसेस टलची आई.