धाकट्या आजोबांचा दाखला

बाबांच्या दोन्ही किडन्या गेल्या. घरात कुणाचीच जुळेना आणि जुळली ती नेमकी चुलत काकांची. हे तेच काका, ज्यांच्याशी बाबा घरासाठी कोर्टात भांडले होते. धाकटे आजोबा, म्हणजे काकांचे वडील, आमच्या पणजोबांचा मुलगाच नव्हते, कुठूनतरी आणून वाढवलेले होते, असं बाबांचं म्हणणं. कोर्टाला ते पटलं आणि अख्खं घर आमचं झालं.

तरी काका आले. म्हणाले, "दादाला सांग, आधी बरा हो. उरलेलं भांडण मग करू."

पण हॉस्पिटलातल्या बाई ऐकेनात. "रक्ताचं नातं लागतं. कोर्टाच्या निकालात तर हे तुमचे कुणीच नाहीत."

माझं डोकंच फिरलं. "अहो, मग काय करायचं आम्ही?"

"यांच्या वडिलांचा जुना जन्मदाखला आणा. तो असेल तर बघू."

आईनं आणि मी माळा उपसला, ट्रंका उलट्या केल्या. शेवटी दाखला सापडला तो बाबांच्याच कपाटात, स्वेटरांच्या खाली. धाकट्या आजोबांचं नाव, आईवडील म्हणून आमचेच पणजी-पणजोबा, खाली शिक्का. मी धावतच वॉर्डात गेले आणि बाबांसमोर तो नाचवला. "सापडला! काका आपलेच आहेत!"

बाबांनी तो वाचलासुद्धा नाही.

 

"होता तिथं ठेवून ये," ते म्हणाले. "घर गेलं तर तुम्ही राहाल कुठं?"