तिसऱ्यांदा चुकलेली चावी

पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली: चावी चुकली. नागनाथनं खुर्ची पुढं ओढली.

काचेच्या खोलीत तो एकटाच होता. ब्याण्णव साली जिंतूरच्या बियाणे केंद्रात कॉम्प्युटर आला, तेव्हा बघायला ही गर्दी झाली. चपला बाहेर काढा म्हटल्यावर निम्मी पांगली, आतली थंडी लागल्यावर उरलेलीही गेली. तेव्हापासून दाराबाहेर चपलांचा एकच जोड असायचा, त्याचा. शिपाई सीताराम चहाची कपबशी उंबऱ्यावर ठेवायचा, काच वाजवायचा आणि निघून जायचा, वारुळापाशी दूध ठेवावं तसा.

केंद्राचे सगळे प्रोग्राम त्या एका कॉम्प्युटरात होते. पूर्णा जंक्शनच्या शाखेनं ते टेलिफोनच्या तारेवरून मागवायचे. वाटेत कुणी तारेला कान लावलाच, तर त्याला नुसती खिचडी मिळावी, असा बंदोबस्त नागनाथनं वर्षभर खपून केला होता. खिचडी निवडायला चावी लागायची. चावी म्हणजे आठ अक्षरं. ती त्याला आणि पूर्णेच्या सूर्यभानला तेवढी ठाऊक. तीनदा चुकली की कॉम्प्युटर अंग काढून घ्यायचा आणि टेबलावरचा साधा फोन वाजायचा. मग माणसानं माणसाला आवाजावरून ओळखायचं.

पोत्यांचे हिशेब करणारे प्रोग्राम चोरायला जिंतुरात कोण मरायला येणार, असं बायकोनं नक्की विचारलं असतं. पण ती कॉम्प्युटर यायच्या आधीच वारली, त्यामुळे कुणी विचारलं नाही.

मागच्या आठवड्यात औरंगाबादहून आप्पाराव साहेब तपासणीला आले. ते चपला न काढता आत आले.

"दर सोमवारी पूर्णेहून चावी चुकते," साहेब म्हणाले. "तिकडं एक तर चोर बसलाय, नाही तर गाढव. पुन्हा चुकली की लाइन तोडा. प्रोग्राम एसटीनं पाठवू."

नागनाथ हो म्हणाला.

आज सोमवार. चावी दुसऱ्यांदा चुकली.

"नीट टाक रे बाबा," तो पडद्याला हळूच म्हणाला.

तिसऱ्यांदा चुकली. फोन वाजला.

"रामराम नागनाथराव. सूर्यभान बोलायलोय. जेवण झालं का?"

दर सोमवारी पहिला प्रश्न हाच. मग कोणती गाडी किती उशिरा आली, येलदरी धरणाला पाणी किती चढलं, हात भाजून घेत कुणी कसली भाजी केली. चावीची गोष्ट फोन ठेवताना निघायची. आज नागनाथनं तीच आधी काढली.

"सूर्यभान, लाइन तोडायचा हुकूम आलाय. आठ अक्षरं हायत. पाठ होईना गेली का तुमाला?"

पलीकडं दूर कुठंतरी इंजिन शंटिंग करत होतं. मग सूर्यभाननं आठही अक्षरं घडाघडा म्हणून दाखवली. एकही चुकलं नाही.

"पैल्या दिवसापासून पाठ हाय," तो म्हणाला. "पर बरोबर टाकली की तुमचं मशीन माझ्या मशीनशी बोलतंय. आपलं बोलणं राहून जातंय."

काचेबाहेर नागनाथला आपल्या चपला दिसत होत्या.

"न्हाई झालं अजून जेवण," तो म्हणाला. "तुमचं?"

दुपारी त्यानं साहेबांना फोनवर कळवलं: तिकडं चोर नाही, गाढवही नाही. चावी मात्र तारेवर उघड बोलली गेली, म्हणून ती बदलली आहे. शिवाय बंदोबस्त वाढवला आहे. यापुढं चावी बरोबर असली, तरी प्रोग्राम सोडण्याआधी पलीकडच्या माणसाला फोनवर आवाजावरून ओळखलं जाईल.

"शाबास," साहेब म्हणाले. "पण ओळखायला असा वेळ किती लागतो?"

"माणसामाणसावर आहे साहेब," नागनाथ म्हणाला. "सूर्यभानला अर्धा तास तरी लागतो."