जोडीचं रगत

बेबीनंदाच्या हातून कळशी परत पडली, तव्हा कडूबानं मुद्दाम वळून बघितलं न्हाई.

"काय राणीसाहेब, आज उजवा का डावा?"

"दोन्हीबी. मुंग्या आल्यात."

काल डावा होता. परवा डोळ्याला दोन-दोन दिसत होतं. अन् शेंगा तोडायला मात्र सगळ्या बायांच्या पुढं हीच! कडूबाच्या मनात पाल चुकचुकली.

त्यात तिची ती नजर. हा चालायला लागला की मागून टक लावून बघायची. हा उंबऱ्यात ठेचकाळला, वाटेत चप्पल गळाली, तरी तिला बराबर ठाऊक. पाळतच ठेवल्यावानी.

"माहेरी जायचं म्हणून नाटक करून राह्यली," तो आईला म्हणाला. "एकदा तपासतोच. नाटक निघालं तर सोडतो तिकडंच, कायमची."

दवाखानाबी तिनंच सांगितला. गल्लीतल्या सोनूबाईला तिथंच नेल्तं म्हणे. टेंभुर्णीहून एसटीनं दोघं जालन्याला आले. तिथं मस्तगड भागात नसांच्या डॉक्टर होत्या, नीलाबाई.

"अंगाची राखण करणाऱ्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात," नीलाबाईंनी सांगितलं. "कधी त्या आपल्याच नसांवर उठतात. मग हे निरोप वाढतात आणि रक्तात सापडतात. तपासणी नवी आहे, रक्त पुण्याला जाईल. ताडून बघायला घरातल्या धडधाकट माणसाचंही लागेल."

"मंग माझं घ्या की!" कडूबानं दंड पुढं केला. "मला काय धाड भरली? दवाखान्याची पायरी चढलो न्हाई आजवर."

बेबीनंदा खाली मान घालून बसल्ती. आता चोरी पकडली जाणार म्हणून घाबरली, कडूबाला वाटलं.

रिपोर्ट आले. नीलाबाईंनी दोघांना समोर बसवलं.

"हिचं रक्त बिलकुल साफ आहे."

"म्हणलं न्हवतं?" कडूबानं टेबलावर हात आपटला. "ऊठ गं! आजच सोडतो तुला माहेरी."

"माहेरचं राहू द्या. बसा तुम्ही," नीलाबाई हळूच म्हणाल्या. "निरोप वाढलेत ते तुमच्या रक्तात. मेंदूचा फोटो काढावा लागेल."

कडूबा बायकोकडं वळला. तिच्या डोळ्यांना धार लागल्ती.

"नाटकच केलं म्या," ती म्हणाली. "सोनूबाईसंगं तिच्या मालकाचंबी रगत घेतलं, ते ऐकलं तव्हाच ठरवलं. तुम्ही सोताहून आला असता का?"