तीन तासांची अट

तेजश्रीने फूटपट्टी डाव्या हाताने दाबली आणि पेन्सिल उजव्या मुठीत धरून रेष ओढली. उजव्या हाताच्या दोन बोटांना बँडेज होतं. रेष वाकडी गेली.

"दारात सापडली," ती म्हणाली. चारुताने काही विचारलं नव्हतं.

स्वयंपाकघरात तेजश्रीची आई, सुरेखाताई, चारुताच्या तीन वर्षांच्या अवधूतला केळं भरवत होत्या. चारुताकडे गणिताच्या शिकवणीला त्या मुलीबरोबर यायच्या आणि तासभर तिथेच बसायच्या. घरी एकटीला करमत नाही म्हणायच्या. येताना कधी चिवडा आणायच्या, कधी बेसनाचे लाडू. जपानात, कावासाकीला आल्यापासून चारुताला इतकं मायेचं माणूस दुसरं भेटलं नव्हतं.

"आता बाजू ठरव. शून्य-शून्य घालून बघ."

"शून्य काही आठपेक्षा मोठं नाही. खोटं ठरलं."

"मग रेषेच्या पलीकडे रंगव."

घरातलंच एखादं उदाहरण तयार करून आण, असं चारुतानेच सांगितलं होतं. तेजश्री जपानी शाळेत जायची. मराठी बोलायची, पण लिहायची जपानीतच. वरच्या तीन ओळी चारुताने सोडून दिल्या. गणिताला भाषा लागत नाही, हे तिचं बी.एस्सी.पासूनचं मत. खालचं तिला पुरेसं होतं: x + y ≥ 8, x ≤ 3, आणि कमीत कमी करायचं z = 0x + 9y.

"अगं, शून्य x कोण लिहितं? गाळून टाक."

"नको गाळायला, काकू."

चारुता हसली. दोन कोपरे निघाले. (3, 5) ला पंचेचाळीस, (0, 8) ला बहात्तर.

"ही तीनची अट काढली तर?" तेजश्रीने विचारलं.

"तर z शून्यापर्यंत येईल. उदाहरण तुझंच आहे, काढ की."

तेजश्रीने स्वयंपाकघराकडे पाहिलं. "मला नाही काढता येत."

सुरेखाताई हात पुसत आल्या, वही उचलून दोन पानं चाळली. मुंग्या चालल्यासारखं दिसतंय, मला मेलीला एक अक्षर कळत नाही, म्हणाल्या आणि वही परत ठेवली.

निघताना त्या चारुताला बाजूला घेऊन हळूच बोलल्या. तेजश्रीच्या बाबांचा, विजयकुमारांचा, हात सुटतो. मार्चमध्ये इस्त्री टेकवली होती दंडावर. जूनमध्ये कानातून रक्त आलं. आणि आता ही बोटं.

"पुढच्या वेळी मान असेल, चारुता."

चारुताला ते खोटं वाटायचं कारण नव्हतं. तिने स्वतः स्टेशनवर पाहिलं होतं. विजयकुमार मुलीला मनगट धरून ओढत नेत होते, दुसऱ्या हातात तिची बॅग, आणि मागे सुरेखाताई फरशीवर बसून ओरडून रडत होत्या. लोक माना खाली घालून बाजूने जात होते. शेवटी तेच थांबले आणि मुलीसकट परत फिरले. चारुताचा नवरा हरीश, त्यांच्याच ऑफिसातला, एकदा म्हणाला होता की इस्त्रीच्या त्या आठवड्यात विजयकुमार-सान ओसाकाला होते. चारुताने त्याला गप्प केलं. ऑफिसातल्या माणसांना एकमेकांची घरं काय कळणार.

अवधूत दुपारी झोपला तसा, मायलेकींना गुपचूप मायदेशी धाडायचं ठरवून, तिने आलेख-कागद काढला. विजयकुमार आठला निघतात. विमान बाराला. नरिता विमानतळावर पोचायला दोन तास, तिथे दीड तास आधी हजर. सगळ्या रेषा टाकल्यावर मधे एक चिंचोळी पट्टी उरली: मंगळवारी, आठ दहा ते साडेआठ. तिने ती पेन्सिलने रंगवली. तिकिटं स्वतःच्या नावाने चौकशी करून काढली. हरीशला सांगितलं नाही.

मंगळवारी स्टेशनवर सुरेखाताईंनी तिला मिठी मारली. तेजश्रीने मात्र चारुताची बाही धरून ठेवली.

"बाबा?"

"बाबांना कळणार नाही. घाबरू नकोस."

तेजश्रीने बाही सोडली. मग दप्तरातून गणिताची वही काढून चारुताच्या हातात दिली. आठवण म्हणून देतेय, असं चारुताला वाटलं.

साडेबाराला दारावर पहिली लाथ बसली.

तिने साखळी लावली, अवधूतला न्हाणीघरात नेऊन बसवलं आणि पोलिसांचा एकशेदहा नंबर फिरवला. बाहेर विजयकुमार ओरडत होते. शाळेतून फोन आला होता, ती पोचलीच नाही म्हणून. घर उघडं टाकलेलं, पासपोर्ट नाहीत. दाराशेजारची काच फुटली. त्या भोकातून त्यांचा हात आत आला, कोपरापर्यंत रक्ताने भरलेला, आणि साखळी चाचपू लागला. चारुताने अवधूतची छत्री उचलून त्या हातावर मारली. एकदा, मग पुन्हा. हाड लागल्याचं तिला कळलं, तरी ती मारत राहिली. हात मागे जाईना.

"वहिनी, कुठंय ती? कोणाबरोबर आहे? तेवढं सांगा."

"ती सुखरूप आहे," चारुता ओरडली. "तुमच्या हाती आता लागणार नाही. आईबरोबर आहे ती. विमान सुटलंसुद्धा."

हात थांबला. काचांवरून सावकाश मागे गेला. बाहेर काहीतरी जड खाली बसल्याचा आवाज आला आणि मग काहीच आला नाही.

संपलं, चारुताला वाटलं. अवधूतला मांडीवर घेऊन ती पोलिसांची वाट बघत बसली. टेबलावर वही होती. हाताला चाळा म्हणून तिने ती उघडली, तेच पान निघालं, आणि सोडलेल्या तीन ओळी तिने पहिल्यांदा वाचायला घेतल्या. तिन्ही ओळी लहान होत्या: x, y आणि z म्हणजे काय, एवढंच. x आणि y हे तास होते, एवढं तिला वेळेच्या आकड्यांपुढे लिहितात त्या अक्षरावरून कळलं. z च्या पुढे तिला वाचता येणाऱ्या साध्या लिपीत लिहिलं होतं, इताई, दुखतंय. गुडघा फुटला की अवधूत बालवाडीतून आल्यावर हेच म्हणत रडायचा. अवधूतच्या बालवाडीच्या वहीत रोज पालकांच्या सहीच्या दोन चौकटी असत. x च्या पुढे पहिल्या चौकटीवरचं अक्षर होतं, जिच्यात हरीशची सही कधीच नसायची.

y च्या पुढे दुसऱ्या चौकटीवरचं होतं, जिच्यात ती रोज सही करायची: आई.