डोंगराचं लोखंड

“लोखंड कुठून आणता, बाबा?” शलाका नैतामने म्हाताऱ्या लालसू लोहाराला विचारलं.

“नागपूरवरून जी.”

त्याच्या घरामागच्या डोंगरातलं लोहखनिज जहाजं भरभरून परदेशी जात होतं. जिल्ह्याची निर्यात वर्षात दुप्पट झाली, म्हणून उद्योग खात्याने शलाकाला अहवाल लिहायला पाठवलं होतं.

“माझा बाप तिथलेच दगड वितळवून लोखंड काढे,” लालसू म्हणाला. “मलाही येते. पण आता तिथं कुंपण आहे.”

तिने खाणीच्या व्यवस्थापकाकडे दोन पोती दगड मागितले. “मॅडम, किरकोळ विक्री नाही,” तो नम्रपणे म्हणाला. “निदान एक मालगाडी घ्यावी लागेल.”

परतताना तिने जीप थांबवली. ट्रकांतून सांडलेले दगड ड्रायव्हरसोबत वेचले आणि लालसूच्या अंगणात नेऊन ओतले.

आठवड्याने ती पुन्हा आली, तेव्हा लालसूने ते दगड वितळवलेली मातीची भट्टी फोडली. आत नारळाएवढा लोखंडाचा गोळा निघाला. ऐरणीवर ठेवून त्याने घाव घातला; गोळा भंगला नाही.

ही विद्या त्याने पोटच्या मुलालाही शिकवली नव्हती.

“सूनबाई,” त्याने घराकडे हाक मारली, “स्वयंपाक राहू दे. इकडे ये आणि बघून ठेव.”