सापडलेला माणूस

दरडीखाली नवरा श्रीरंग बेपत्ता झाला आणि विभाला घर खायला उठलं. दुसऱ्याच दिवशी तिने त्याच्या साठवलेल्या आठवणींवरून त्याची हुबेहूब दिसणारी, बोलणारी प्रत बनवून घरी आणली.

सातव्या दिवशी शोधपथकाचे म्हात्रे दारात आले.

"साहेबांचा मृतदेह मिळाला, मॅडम. ढिगाऱ्याखाली चार दिवस जिवंत होते. पण दुसऱ्याच संध्याकाळी, कॅमेऱ्यांतून माणसं ओळखणाऱ्या आमच्या शोधयंत्रणेने त्यांचं नाव बेपत्तांच्या यादीतून काढलं. तुमच्या दारातल्या कॅमेऱ्यात ते दिसले म्हणे. मग आम्ही तिथला ढिगारा उपसणं थांबवलं."

विभा दाराला धरून उभी राहिली. त्या यंत्रणेचा प्रोग्राम तिनेच लिहिला होता. चेहरा, आवाज, आठवणी जुळल्या की माणूस तोच. एवढंच तिने तपासायला लावलं होतं.

आतून श्रीरंगचा आवाज आला, "कोण आलंय गं?"