उलटी गाठ

नवरा धरणेंद्र वारल्यावर भाग्यश्री सांगली सोडून एकटीच साताऱ्यात भाड्याची खोली बघत फिरत होती. नव्या घरात पाऊल टाकलं की धरणेंद्र सगळ्यात आधी नळाला पाणी गाळायचं फडकं बांधायचा. तो डावखुरा, त्यामुळे गाठ उलटी पडायची.

शाहूपुरीतल्या रिकाम्या खोलीत नळाला फडकं होतं, पार वाळलेलं. गाठ उलटी होती.

गोडोलीतही तसंच निघालं, पण हाताला ओलसर लागलं.

तिसरी खोली अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी होती. घरमालकिणीनं कुलूप काढलं. आत उलट्या गाठीचं फडकं टपटप गळत होतं.

“हीच घेते, मावशी.”

“घ्या की. पर नळाला अजून पाणी सोडलेलं न्हाई, बरं का.”

भाग्यश्रीनं थेंबांखाली ओंजळ धरली. पाणी कोमट होतं.